आधी दीर्घिका की आधी ब्लॅक होल? अवकाशातल्या दोन दुर्बिणींनी काय शोधलं, सोप्या भाषेत समजून घ्या

कोंबडी आधी की अंडं आधी, हा वाद पारावर कितीही रंगला तरी मिटत नाही. खगोलशास्त्रज्ञांचाही असाच एक वाद बरीच वर्षं चालू आहे. ताऱ्यांचे जे प्रचंड समूह आकाशात आहेत, त्यातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या समूहाच्या मधोमध एक अवाढव्य ब्लॅक होल, म्हणजे कृष्णविवर, बसलेलं आहे. प्रश्न असा, की आधी तारे जमले आणि मग कृष्णविवर वाढलं, की कृष्णविवर सुरुवातीपासूनच मोठं होतं?

२०२३ मध्ये 'यूएचझेड-१' नावाच्या एका अंधुक ठिपक्याने या वादाला नवं वळण दिलं. आणि आकाशाच्या ज्या तुकड्यात हा ठिपका सापडला, त्याच तुकड्यात पुण्याच्या संशोधकांनाही पुढे मोठा शोध लागला. हे सगळं नेमकं काय आहे, ते एक-एक करून पाहू.

आधी दोन शब्द समजून घ्या

अमावास्येच्या आसपास, लाइट नसलेल्या शिवारात उभं राहिलं की आकाशात एक धुरकट पांढरा पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. आपला सूर्य तिच्यातल्या अब्जावधी ताऱ्यांपैकी एक. आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे इतर समूह म्हणजे दीर्घिका. इंग्रजीत त्यालाच गॅलेक्सी म्हणतात.

दुसरा शब्द कृष्णविवर. नावात 'विवर' असलं तरी हे विहिरीसारखं भोक नाही. खूप मोठं वजन फार लहान जागेत दाबलं गेलं की तिथली ओढ इतकी वाढते, की प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही. प्रकाश बाहेर येत नाही म्हणून ते काळं.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीही असं एक कृष्णविवर आहे. त्याचं वजन सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं. ते धनु राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने एका वर्षात कापलेलं अंतर. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, यावरून अंदाज करा. या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या आंद्रेआ गेझ आणि राइनहार्ड गेंझेल या शास्त्रज्ञांना २०२० मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

लांब पाहणं म्हणजे जुनं पाहणं

सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात. म्हणजे आपण जो सूर्य पाहतो, तो आठ मिनिटांपूर्वीचा. जी दीर्घिका हजार कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून आलेल्या प्रकाशात दिसते, ती हजार कोटी वर्षांपूर्वीची असते. जुन्या पत्रासारखं आहे हे. पत्र आज हातात पडलं, पण मजकूर लिहिला त्या दिवसाचा.

त्यामुळे विश्वाचं बालपण पाहायचं असेल तर खूप लांबचं पाहावं लागतं. विश्वाचं आजचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. यूएचझेड-१ मधून प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ४७ कोटी वर्षांचं होतं. आजचं वय शंभर वर्षं धरलं, तर तेव्हा ते साडेतीन वर्षांचं पोर होतं.

पहिली दुर्बीण: जेम्स वेब

हा ठिपका दाखवला जेम्स वेब दुर्बिणीने. अमेरिकेची नासा, युरोपची ईसा आणि कॅनडाची अवकाश संस्था यांची ही दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळपास चौपट. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंद असून तो १८ तुकड्यांचा आहे आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा आहे.

सोनं कशाला? वेब इन्फ्रारेड प्रकाश पाहते. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण चुलीजवळ हात नेला की ऊब लागते, त्यात तो असतो. सोन्यावरून तो उत्तम परावर्तित होतो.

विश्व सतत प्रसरण पावत असल्यामुळे लांबून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी वाटेत ताणल्या जातात. इलॅस्टिकवर पेनाने खुणा करून ते ताणलं की खुणा एकमेकींपासून लांब जातात, तसंच. यूएचझेड-१ च्या प्रकाशलहरी अकरा पटींनी ताणल्या गेल्या आहेत. निघताना जो प्रकाश निळसर-जांभळा होता, तो इथे पोचेपर्यंत इन्फ्रारेड झाला. म्हणून साध्या दुर्बिणीला तो दिसला नसता.

अडचण अशी, की ऊब असलेली प्रत्येक वस्तू इन्फ्रारेड सोडते. दुर्बीणच गरम असेल, तर डोळ्यांसमोर टॉर्च लावून काजवा शोधण्यासारखं होईल. म्हणून वेबला पाच पदरांची, टेनिसच्या मैदानाएवढी छत्री दिली आहे. त्या सावलीत तिचे आरसे उणे २२० अंशांहूनही थंड राहतात.

दुसरी दुर्बीण: चंद्रा

वेबने दीर्घिका दाखवली, पण तिच्यात कृष्णविवर आहे हे सांगितलं 'चंद्रा' नावाच्या दुर्बिणीने. हे नाव आकाशातल्या चंद्रावरून नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय वंशाच्या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या नावावरून नासाने ते ठेवलं. सूर्याच्या साधारण १.४ पटींपेक्षा जड झालेला विझता तारा शांतपणे पांढरा बटू तारा म्हणून टिकू शकत नाही, हा हिशेब त्यांनी तरुणपणी मांडला होता. कृष्णविवरांच्या अभ्यासातला तो एक पाया ठरला.

चंद्रा जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. ती एक्स-रे, म्हणजे क्ष-किरण, पाहते. दवाखान्यात हाड मोडलंय का ते पाहायला वापरतात, तेच किरण. अवकाशातून येणारे क्ष-किरण पृथ्वीचं वातावरण अडवतं. ते आपल्या तब्येतीसाठी बरंच आहे, पण अभ्यासासाठी दुर्बीण वर पाठवावीच लागते.

आता तुम्ही म्हणाल, कृष्णविवरातून प्रकाशच बाहेर येत नाही तर क्ष-किरण कुठून आले? ते कृष्णविवरातून येत नाहीत, त्याच्या उंबऱ्यावरून येतात. आत ओढला जाणारा वायू आधी भोवती गरगर फिरतो. घाट उतरताना एसटीचे ब्रेक घासून तापतात, तसा तो वायू घासून घासून लाखो अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो. चंद्राने या एका भागावर सगळं मिळून सुमारे दोन आठवड्यांइतका वेळ नजर लावली, तेव्हा यूएचझेड-१ च्या जागेवरून आलेले क्ष-किरण सापडले.

मध्ये एक फुकटचं भिंग

तरीही हा ठिपका दोन्ही दुर्बिणींच्या ताकदीपलीकडचा राहिला असता. मदत केली एबेल २७४४ या समूहाने. हा शेकडो दीर्घिकांचा समूह असून तो आपल्यापासून सुमारे ३५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. यूएचझेड-१ त्याच्या बरोबर मागे, कितीतरी लांब आहे.

वजनदार वस्तू आपल्या आजूबाजूची जागाच वाकवते आणि तिथून जाणारा प्रकाशही वाकतो, हे आइन्स्टाइनने सांगितलं होतं. त्यामुळे एवढा मोठा समूह भिंगासारखं काम करतो. काचेच्या बाटलीच्या जाड बुडातून मागची अक्षरं मोठी आणि वाकडी दिसतात, तसंच. या भिंगामुळे यूएचझेड-१ चा प्रकाश जवळपास चौपट झाला आणि तो सापडला.

मग यात एवढं नवल काय?

नवल वजनाचं आहे. आपल्या आजूबाजूच्या दीर्घिकांमध्ये मधल्या कृष्णविवराचं वजन सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या साधारण हजाराव्या भागाएवढं असतं. हजार पोती धान्यात एक पोतं. यूएचझेड-१ मध्ये मात्र कृष्णविवराचं वजन १ कोटी ते १० कोटी सूर्यांएवढं निघालं, आणि त्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांचं वजनही साधारण तेवढंच. एका पारड्यात सगळं गाव आणि दुसऱ्या पारड्यात एकटा पाटील, आणि तराजू सरळ!

एवढं वजन एवढ्या कमी वेळात आलं कुठून? इथे थोडा हिशेब करू. दामदुप्पट कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

कृष्णविवर हवा तेवढा वायू एका दमात गिळू शकत नाही. आत पडणारा वायू इतका तापून झळाळतो, की त्याचा प्रकाशच मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. त्यामुळे खाण्याच्या वेगाला मर्यादा येते. नेहमीच्या हिशेबाने, सतत पोटभर खायला मिळालं तरी कृष्णविवराचं वजन दुप्पट व्हायला साधारण ३ कोटी वर्षं लागतात.

आता एखादा मोठा तारा मेला आणि त्यातून १०० सूर्यांएवढं कृष्णविवर तयार झालं असं धरा. १०० चे २००, २०० चे ४००, असं करत १ कोटीपर्यंत जायला १७ वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे ५१ कोटी वर्षं. पण तेव्हा विश्वच ४७ कोटी वर्षांचं होतं! शिवाय पहिले तारे जन्मायला आणि मरायलाही वेळ लागला. म्हणजे हिशेब बसत नाही.

उलट सुरुवातच १ लाख सूर्यांच्या वजनापासून झाली असेल, तर १ कोटीपर्यंत जायला सातच वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे २१ कोटी वर्षं. आता हिशेब बसतो.

हलकं बी की भारी बी?

शास्त्रज्ञ या सुरुवातीच्या कृष्णविवरांना 'बी' म्हणतात. मेलेल्या ताऱ्यापासून झालेलं ते हलकं बी. दुसरी शक्यता भारी बियाची. त्यात तारा तयारच होत नाही. वायूचा अख्खा ढग सरळ कोसळून कृष्णविवर बनतो.

असं कधी होऊ शकतं? वायूचा ढग थंड झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा तारा होतो. पण शेजारी एखादी तेजस्वी दीर्घिका असेल, तर तिच्या अतिनील प्रकाशामुळे ढगातले हायड्रोजनचे रेणू फुटतात. हेच रेणू ढगाला थंड करत असतात. ते फुटले की ढग थंड होत नाही, त्याचे तुकडे पडत नाहीत आणि तो एकसंध राहून मध्यभागी कोसळतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन या भारी बियाच्या कल्पनेवर बरीच वर्षं काम करत आहेत. असं काही खरंच घडलं असेल, तर सुरुवातीच्या काळात अशा दीर्घिका दिसायला हव्यात, की ज्यांत कृष्णविवराचं वजन ताऱ्यांच्या तोडीस तोड असेल, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच मांडलं होतं. तेव्हा वेब दुर्बीण अवकाशात गेलीही नव्हती. आकोश बोग्दान यांच्या नेतृत्वाखालील गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यूएचझेड-१ मधल्या क्ष-किरणांचा शोध जाहीर केला. त्या गटात नटराजनही होत्या. मांडलेलं आणि सापडलेलं बरंच जुळलं.

म्हणून वाद मिटला का? नाही. एका शेतात एक कणीस टपोरं निघालं म्हणून सगळ्या पिकाचा अंदाज बांधता येत नाही. काही शास्त्रज्ञांच्या मते हलकं बीसुद्धा काही काळ नेहमीची मर्यादा मोडून भराभर खाऊ शकतं. वेबच्या चित्रांत छोटे लाल ठिपकेही मोठ्या संख्येने सापडले आहेत. त्यातल्या अनेकांत कृष्णविवर दडलेलं असावं असं म्हणतात, पण त्यावरही चर्चा चालू आहे. असे आणखी ठिपके मोजले, तोलले की कोणत्या बियाचं पारडं जड ते कळेल.

त्याच तुकड्यात पुण्याची 'अलकनंदा'

एबेल २७४४ च्या त्याच भिंगातून पुण्याच्या संशोधकांनीही पाहिलं. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, इथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या माहितीतून एक सुरेख सर्पिल दीर्घिका शोधली. २०२५ मध्ये हा शोध जाहीर झाला. भोवऱ्यासारखे दोन फाटे असलेल्या या दीर्घिकेला त्यांनी 'अलकनंदा' नाव दिलं. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण नदी.

अलकनंदा दिसते ती विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर एवढी नीटनेटकी दीर्घिका तयार होईल अशी अपेक्षा नव्हती. सुरुवातीच्या दीर्घिका वेड्यावाकड्या, विस्कटलेल्या असतील असं मानलं जायचं. यूएचझेड-१ सांगतो की कृष्णविवरं लवकर मोठी झाली, आणि अलकनंदा सांगते की दीर्घिकाही लवकर सावरल्या. पुस्तकातला विश्वाच्या बालपणाचा धडा नव्याने लिहावा लागेल, तो यामुळे.

ही एनसीआरए संस्था जुन्नर तालुक्यात खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवते. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या नारायणगाव-खोडद परिसरात सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात उभ्या आहेत. कृष्णविवरांच्या अभ्यासात त्यांचाही वाटा आहे. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकासमूहात कृष्णविवरामुळे झालेला प्रचंड स्फोट २०२० मध्ये जाहीर झाला. त्या शोधात चंद्रा दुर्बिणीच्या जोडीला जीएमआरटीची निरीक्षणं होती. त्या स्फोटाने गरम वायूत पाडलेला खड्डा एवढा मोठा, की त्यात आपल्यासारख्या १५ आकाशगंगा एका ओळीत बसतील.

मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींचं काय?

'ब्लॅक होल पृथ्वी गिळणार' असे मेसेज अधूनमधून फिरतात. त्यात तथ्य नाही. आजपर्यंत माहीत असलेलं सर्वांत जवळचं कृष्णविवर दीड हजारांहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. शिवाय कृष्णविवर लांबच्या वस्तू ओढून घेत नाही. समजा, सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत राहील. आणि आपला सूर्य कधी कृष्णविवर होणारही नाही, तेवढं त्याचं वजनच नाही.

दुसरा प्रश्न फोटोंचा. वेब आणि चंद्राचे रंगीत फोटो खरे की बनावट? माहिती खरी असते, रंग नंतर दिलेले असतात. इन्फ्रारेड आणि क्ष-किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून वेगवेगळ्या किरणांना वेगवेगळे रंग देतात. मात्र कृष्णविवरात ग्रह पडताना, तारा गिळताना अगदी जवळून दिसतंय असा व्हिडिओ आला, तर तो संगणकावर बनवलेला आहे हे समजून घ्या. एवढ्या जवळून फोटो काढणारी दुर्बीण अजून नाही.

यातून आपल्याला काय मिळतं?

पोटापाण्याचा थेट फायदा लगेच दिसत नाही, हे खरं. पण वाटेत हाती लागलेल्या गोष्टी घरोघरी पोचल्या आहेत. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात जी चिप आहे, तिचं तंत्र १९९० च्या दशकात नासाच्या एका प्रयोगशाळेत, अवकाशयानांसाठी छोटे कॅमेरे बनवताना पुढे आलं.

आणि ही दारं बंद नाहीत. वेबने जमवलेली माहिती ठरावीक मुदतीनंतर जगातल्या कोणालाही फुकट मिळते. अलकनंदा पुण्यात बसून सापडली ती यामुळेच. भारताचे स्वतःचे डोळेही वर आहेत. क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश पाहणारी ॲस्ट्रोसॅट २०१५ मध्ये गेली, तर क्ष-किरणांचा अभ्यास करणारा एक्सपोसॅट १ जानेवारी २०२४ रोजी. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींनी खोडदचं केंद्र एकदा पाहायला हरकत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सहसा लोकांसाठी प्रदर्शन भरतं.

काळजीची बाबही आहे. चंद्रा दुर्बिणीने पंचवीस वर्षांहून जास्त काम केलं आहे. २०२४ मध्ये तिच्या खर्चाला मोठी कात्री लावायचा प्रस्ताव नासाच्या अंदाजपत्रकात आला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला. कारण तिच्याइतकं बारीक क्ष-किरण पाहणारी दुसरी दुर्बीण आज वर नाही. वेब नवनवे ठिपके दाखवत राहील, पण त्यात कृष्णविवर आहे की नुसते तारे, हे ओळखायला दुसरा डोळा लागतोच.

आकाशाचा हा तुकडा कुठे दिसतो?

एबेल २७४४ शिल्पकार या तारकासमूहाच्या दिशेला आहे. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास तोंड दक्षिणेकडे करून उभं राहिलं, तर क्षितिज आणि डोक्याच्या मध्यावर, किंचित खाली, तो भाग येतो. तिथून उजवीकडे पाहिलं की मीनास्य हा एकच ठळक तारा दिसतो. त्याच्या डावीकडची जागा डोळ्यांना अगदी रिकामी वाटते. यूएचझेड-१ आणि अलकनंदा दोन्ही त्याच रिकाम्या वाटणाऱ्या जागेत आहेत.